न आलेल्या रुग्णाची नोंद



तुमच्या गावच्या, नाही तर जवळच्या बाजारगावच्या दवाखान्यात टेबलावर एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही असते. आपण गेलो की सिस्टरबाई किंवा कंपाउंडर ती उघडतात, नाव, वय, गाव विचारतात, काय होते ते विचारतात आणि एक ओळ लिहून घेतात. दिवसाकाठी अशा तीस-चाळीस ओळी होतात. त्यावरून आज किती माणसे आली, तापाची किती, खोकल्याची किती, हे बिनचूक सांगता येते. पण त्या वहीला एक प्रश्न विचारून पाहा : आज कोण यायला हवे होते आणि आले नाही? वही गप्प बसते. ती बिचारी काय सांगणार? तिच्यात फक्त आलेल्यांची नावे आहेत.

आता शाळेतला हजेरीपट पाहा. शिक्षकबंधू त्याला कॅटलॉग म्हणतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यात सगळ्या मुलांची नावे लिहून तयार असतात, आणि मग रोज नावापुढच्या चौकोनात खूण होते. मूल आले नाही तर तो चौकोन लगेच डोळ्यांत भरतो. सलग चार दिवस गैरहजेरी दिसली की गुरुजी शेजारच्या पोराला विचारतात, "काय रे, कुठे आहे तो?" म्हणजे शाळेत नाव आधी आणि हजेरी मागाहून. दवाखान्यात माणूस हजर झाला म्हणजेच त्याचे नाव वहीत येते. फरक एवढासाच दिसतो, पण या फरकापायी माणसे दगावतात, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती समजू नका.

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात मुलांना शिकवणारा माणूस आहे. कोणत्या दुखण्यावर कोणते औषध, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही आणि तसे मी काही सांगणारही नाही. पण वही कशी ठेवावी हा विषय एकट्या वैद्यकाचा नाही. तो वाण्याचा आहे, दूध संस्थेच्या चिटणिसाचा आहे, तलाठ्याचा आहे आणि मास्तरांचाही आहे. दूध संकलनाच्या केंद्रावर कोणत्या सभासदाचे दूध आज आले नाही, हे त्याच संध्याकाळी कळते. वाण्याकडे रोजकीर्द असते आणि खतावणीही असते. रोजकिर्दीत आज काय झाले ते असते. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे पान वेगळे आणि त्यावर बाकी किती ते असते. आपल्या छोट्या दवाखान्यांपाशी रोजकीर्द आहे. खतावणी मात्र बहुतेक ठिकाणी नाही, किंवा असून नसल्यासारखी आहे.

एके काळी यावाचून फारसे अडत नसे. गळू झाले, खरूज झाली, हगवण लागली, की माणूस दवाखान्यात जाई, औषध घेई आणि बरा होई. परत आला नाही तर त्याचा अर्थ बरा झाला, असा धरायला हरकत नसे. आज दवाखान्याच्या दारात येणारी दुखणी बदलली आहेत. रक्तदाब, मधुमेह, क्षय, फेफरे ही दुखणी एका फेरीत मिटणारी नाहीत. गरोदर बाईची तपासणी, तान्ह्या मुलाच्या लसी, कुत्रे चावल्यावर घ्यावयाची इंजेक्शने, हीसुद्धा तारखेला बांधलेली कामे आहेत. अशा कामात पहिली भेट ही नुसती सुरुवात असते. खरे काम दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या भेटीत होते.

क्षयाचे उदाहरण घेऊ. पूर्वी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवीत. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम त्या भागातल्या वडीलधाऱ्यांना ऐकून तरी ठाऊक असेल. अशा ठिकाणी रोगी महिनोन् महिने खाटेवर असे. तो कंटाळून निघून गेला तर खाट रिकामी पडे आणि ती सगळ्यांना दिसे. मग १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचारासाठी एक केंद्र सुरू झाले. त्यात आपली वैद्यकीय संशोधन परिषद होती, मद्रास सरकार होते, जागतिक आरोग्य संघटना होती आणि ब्रिटनची संशोधन परिषदही होती. तिथे काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्याच घरी, शहरातल्या गरीब, दाटीच्या वस्तीत राहू दिले. औषधे दोघांना तीच, मुदत दोघांना एक वर्षाची. १९५९ साली निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेले रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले होते. घरातल्या माणसांना त्यांच्यापासून जास्त लागण झाली, असेही आढळले नाही.

ही गोष्ट केवढी मोठी, याचा विचार करा. गरिबाला घरदार, कामधंदा सोडून डोंगरावरच्या खाटेवर जाऊन पडण्याचे कारण उरले नाही. जगभर उपचाराची रीत त्यामुळे पालटली. पण खाट गेली तशी रिकामी दिसणारी खाटही गेली. घरी गोळ्या घेणाऱ्याने गोळ्या थांबवल्या, तर ते कोणाला दिसणार? ते दाखवण्याचे काम तेव्हापासून कागदावर येऊन पडले आहे, आणि मद्रासच्या त्या संशोधकांनाही ही अडचण लवकरच जाणवली होती. घरी दिलेले औषध रोगी खरोखरी घेतो की नाही, याचा शोध त्यांना वेगळा घ्यावा लागला.

आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, महिना-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, अंगावर थोडे मांस चढते, भूक लागते, आणि रोगी मनाशी म्हणतो, झालो बरा. इथेच तो थांबतो. अर्धवट मेलेले जंतू पुढे त्या औषधांना दाद देत नाहीत आणि मग लांबलचक, जाचक उपचार नशिबी येतात. शिवाय घरातल्यांना तो जो रोग देतो, तोही तसलाच चिवट. सरकार पोषणासाठी दरमहा पैसे देते. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. औषध फुकट मिळते. इतके असूनही तिसऱ्या महिन्याला न आलेला माणूस वहीत दिसला नाही, तर हे सारे मधल्यामध्ये वाया जाते.

रक्तदाबाचे तर याहून अवघड. त्यात दुखत काहीच नाही. गोळी घेतली तरी तसेच, न घेतली तरी तसेच, निदान काही वर्षे तरी. मग एके दिवशी पक्षाघात होतो. माणूस आपण होऊन दवाखान्यात येईल असे काही कारणच या दुखण्यात नाही. त्याला तारखेची आठवणच आणू शकते. म्हणूनच २०१७ साली उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत सुरू झाला, तेव्हा त्यात प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद आणि तिच्यावर पुढच्या भेटीची तारीख यांवर भर दिला गेला. आपल्याकडे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात पहिल्याने आले.

बाजारगावातल्या खाजगी डॉक्टरांशी बोलताना एक वाक्य मी अनेकदा ऐकले आहे : "आमचे पेशंट आम्हांला चेहऱ्याने ठाऊक असतात." हे खरे आहे, आणि ते मोठे भूषणही आहे. पण चेहरा ओळखायला आधी चेहरा समोर यावा लागतो. जो आला नाही तो बरा झाला, की दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, की त्याच्यापाशी पैसे नव्हते, की तो वारला? या चारही गोष्टी दवाखान्यातून अगदी सारख्या दिसतात.

यावर उपाय फार जुना आणि फार स्वस्त आहे. त्याला एक खोका लागतो. बुटांचा चालेल, पत्र्याचा डबा चालेल, गावच्या सुताराने फळकुटांचा करून दिला तर उत्तम. जाड कागदाची तळहाताएवढी कार्डे कापून घ्या आणि त्यांहून थोडे उंच असे पुठ्ठ्याचे दुभाजक करा. दुभाजकांवर १ ते ३१ आकडे घाला आणि आणखी बारा दुभाजकांवर महिन्यांची नावे. झाला खोका तयार.

लांबणीचे दुखणे असलेल्या प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करायचे. रुग्णाला पुन्हा १२ तारखेला बोलावले असेल, तर कार्ड १२ च्या दुभाजकामागे उभे करायचे. तीन महिन्यांनी बोलावले असेल तर त्या महिन्याच्या दुभाजकामागे, आणि तो महिना उजाडला की पहिल्या तारखेला त्या महिन्याची कार्डे तारखांमध्ये वाटून टाकायची. रोज सकाळी त्या दिवसाची कार्डे काढून टेबलावर ठेवायची. रुग्ण आला, तपासला, औषध दिले, की कार्डावर एक ओळ लिहायची, पुढची तारीख घालायची आणि कार्ड त्या नव्या तारखेमागे सरकवायचे. संध्याकाळी टेबलावर जी कार्डे उरतील, ती न आलेल्या माणसांची. ज्या प्रश्नाला वही गप्प बसत होती, त्याचे उत्तर असे हातात येते.

आरोग्यसेविका भगिनी हे ऐकून हसत असतील. त्यांना हे नवे नाही. मुलांच्या लसीकरणासाठी उपकेंद्रात बारा महिन्यांचे बारा कप्पे शिवलेली कापडी पिशवी देतात, तिचे तत्त्व हेच. बाळाच्या कार्डाचा अर्धा भाग फाडून, पुढची लस ज्या महिन्यात असेल त्या महिन्याच्या कप्प्यात ठेवायचा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी जवळजवळ असतात, त्या आईच्या ध्यानात राहतात. पुढे एकदम नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेलाची. मधल्या लांब अंतरात विसर पडतो आणि तिथे ती पिशवी कामाला येते. वापरली तर, असे मात्र म्हटले पाहिजे. काही ठिकाणी ती भिंतीवर कोरी करकरीत टांगलेली असते, पाहुण्यांना दाखवायला.

उरलेल्या कार्डांचे काय करायचे, हा खरा प्रश्न. इथे थोडे गणित करू. समजा, दवाखान्याकडे रक्तदाबाचे दोनशे रुग्ण आहेत आणि प्रत्येकाने महिन्यातून एकदा यायचे आहे. कामाचे दिवस पंचवीस धरले तर रोज आठ जण येणार. त्यांतले दोन आले नाहीत असे समजा. दोघांना निरोप धाडणे काही अवघड नाही. एकाला फोन होईल, दुसऱ्याच्या वाडीवरची आशाताई दुपारी येणारच आहे. पण हेच काम महिनाअखेरीवर टाकले की पन्नास नावांची यादी होते, आणि पन्नास नावांची यादी पाहून कोणाचाही धीर सुटतो. ती यादी मग अहवालाला जोडली जाते आणि तिथेच राहते. म्हणून रोजची दोन कार्डे रोज, दिवेलागणीच्या आत.

किती दिवस वाट पाहायची, हे दुखण्यावर ठरवावे आणि ते डॉक्टरांनी ठरवावे. रक्तदाबाच्या माणसाला दोन-चार दिवसांची सवलत देता येईल. क्षयाच्या रोग्याची विचारपूस दुसऱ्याच दिवशी झाली पाहिजे. कुत्रे चावलेल्याच्या बाबतीत तर त्याच संध्याकाळी.

याविषयी शिक्षकबंधूंना जरा विस्ताराने सांगतो, कारण कुत्रे पुष्कळदा मुलांना चावते, आणि मूल मार बसेल या भीतीने घरी सांगत नाही; वर्गातल्या मित्राला सांगते. चावल्याबरोबर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही, आणि तडक दवाखान्यात न्यायचे. लागलीच लस सुरू होते. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत चार फेऱ्या असतात : शून्य दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. दंडात देण्याच्या पद्धतीत पाच फेऱ्या असू शकतात. त्यात चौदावा दिवसही येतो. 'शून्य दिवस' हा शब्द पुष्कळांना चकवतो. ज्या दिवशी पहिली लस टोचली तो शून्य. म्हणजे ५ जूनला पहिली टोचली, तर पुढच्या ८ जून, १२ जून आणि ३ जुलै. आईबापांना 'अठ्ठाविसावा दिवस' असे सांगून भागत नाही. तारीख आणि वार लिहून दिला पाहिजे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना भीतीपोटी सगळे जातात. शेवटची येईतो जखम भरलेली असते, पेरणीचे दिवस असतात आणि कुत्रेही गल्लीत मजेत हिंडत असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हा अशा मुलाच्या चारही तारखा शिक्षकांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवल्या आणि त्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला एवढेच विचारले, "आज जायचे आहे ना रे?", तर ते पाच शब्द फार मोलाचे होतील.

आता कार्डावर काय लिहावे? दोन वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका डोंगराकडच्या गावी होते. तिथल्या सिस्टरबाईंनी मुलांना कामाला लावले आणि जुन्या वह्यांवरून कार्डे करून घेतली. पहिल्याच दिवशी मुले गोंधळली. एकाच आडनावाच्या तीन शांताबाई निघाल्या, तिघींची वये साठ, आणि पत्ता काय, तर 'मुक्काम पोस्ट' आणि गावाचे नाव. शेवटी सिस्टरबाईंनी सांगितले, "नुसते नाव नको, ओळख लिहा." मग 'विहिरीच्या वरच्या घरातल्या', 'पिठाच्या गिरणीमागच्या', 'ज्यांचा मुलगा एसटीत आहे त्या', अशी कार्डे झाली. शहरी माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण निरोप घेऊन जाणाऱ्याला या ओळीचाच उपयोग होतो. दूरध्वनीचा आकडा लिहिताना तो कोणाचा, हेही लिहावे. आजीच्या नावापुढचा आकडा पुष्कळदा पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाचा असतो.

त्याच गावात एक वृद्ध जोडपे होते. दोघांनाही रक्तदाब. म्हातारबाबा दर महिन्याला गोळ्या न्यायला येत आणि आजीबाई कधीच येत नसत. कार्डे उरली म्हणून मुले विचारायला घरी गेली, तेव्हा उलगडा झाला. बाबांच्या नावावर मिळालेल्या एका महिन्याच्या गोळ्या दोघे मिळून घेत होते, एक दिवस त्यांनी, एक दिवस यांनी. आजींचे गुडघे धरलेले, चढ उतरून येणे त्यांना होत नव्हते. वहीत बाबांची नोंद 'नियमित' अशी होती! यात दोष कोणाचा, हे उगाळण्यात अर्थ नाही. आजींच्या गोळ्या त्या आठवड्यापासून आशाताईंबरोबर घरी जाऊ लागल्या.

आपल्या गावांकडची माणसे वर्षभर एका जागी नसतात, हेही खोक्याला ठाऊक असले पाहिजे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्या माणसाचे कार्ड डिसेंबरात 'गैरहजर' म्हणून उरले, तर त्यात त्याचा काय अपराध? अशांसाठी शेवटी एक निराळा दुभाजक ठेवावा, 'बाहेरगावी' असा. कार्डावर कारखान्याचे गाव आणि मुकादमाचा दूरध्वनी लिहावा. निघण्यापूर्वी त्याला बोलावून, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध जास्त दिवसांचे द्यावे आणि त्याचा कागद त्याच्याबरोबर द्यावा. क्षयरोग्याची नोंद तर 'निक्षय' नावाच्या सरकारी यंत्रणेत २०१२ पासून संगणकावर असते; ती एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, फक्त निघण्याआधी ते कळले पाहिजे. पहिलटकरणीचेही तसेच. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते. सासरच्या उपकेंद्रात ती 'आली नाही' आणि माहेरच्या उपकेंद्रात ती कोणाला ठाऊकच नाही. नेमके शेवटचे, जोखमीचे आठवडे दोन गावांच्या मधे हरवतात. माहेरचे गाव आणि तिथल्या आशाताईंचे नाव पहिल्या तपासणीलाच कार्डावर असावे.

तारीख देतानाही थोडे शहाणपण हवे. ज्या दिवशी एसटी येत नाही त्या दिवशीची तारीख देणे म्हणजे न येण्याची चिठ्ठी देणे. आठवडे बाजाराचा दिवस सर्वांत चांगला. माणूस तसाही येणारच असतो. फार गर्दी होत असेल तर वाड्या वाटून द्याव्यात, या बाजारी खालच्या वाडीने, पुढच्या बाजारी वरच्या. वडीलधाऱ्यांना तारखेपेक्षा तिथी लवकर कळते. 'एकादशीच्या दुसऱ्या दिवशी' म्हटले की त्या विसरत नाहीत. काही जण अमावास्येला बाहेर पडत नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडण्यापेक्षा प्रतिपदेची तारीख द्यावी.

आता न आलेल्याला विचारायचे कसे, हे सांगतो, कारण सगळे काम इथे बिघडते. पुष्कळ ठिकाणी माणूस चार दिवस उशिरा आला की त्याला सर्वांदेखत ओरडा बसतो. "इतके दिवस कुठे होता? मरायचंय का?" असे विचारणाऱ्याच्या पोटात मायाच असते, मी नाही म्हणत नाही. पण ऐकणारा मनात ठरवतो, की पुढल्या खेपेला चुकले तर यायचेच नाही. त्यापेक्षा, "बाबा, तुमची वाट पाहिली, काय अडचण झाली?" असे विचारावे आणि जे उत्तर येईल ते एका शब्दात कार्डावर लिहावे. मजुरी बुडते. गाडी नव्हती. बरे वाटले. लघवी लाल झाली म्हणून घाबरलो. क्षयाच्या एका औषधाने लघवीला तांबूस रंग येतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. पण आधी कोणी सांगितले नाही तर माणूस ते रक्तच समजतो. आणि एक उत्तर असेही येते : "मी आलो होतो, गोळ्या शिल्लक नव्हत्या, परत पाठवलं." असे उत्तर लिहायला हात जड होतो. तरी तेही लिहिलेच पाहिजे.

महिना झाला की ही कारणे मोजावीत. दहा जणांनी 'गाडी नव्हती' म्हटले असेल, तर दहा जणांना उपदेश करण्याऐवजी तपासणीची वेळ एसटीशी जुळवून घ्यावी. पाच जणांनी 'गोळ्या नव्हत्या' म्हटले असेल, तर ते कागद तालुक्याच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवावेत. आज किती आले, हा आकडा वरिष्ठांना नेहमीच हवा असतो. त्याच्या शेजारी, यायचे किती होते, हा दुसरा आकडा लिहायची पद्धत पडली पाहिजे. चाळीस आले म्हणून दवाखान्याची पाठ थोपटायची, पण यायचे सत्तर होते हे कोणी बोलायचे नाही, हा हिशेब वाण्याच्या दुकानातही चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या जमान्यात हा मास्तर खोका कसला सांगतो? मोबाइलला माझा विरोध नाही. संगणक तारखेप्रमाणे यादी क्षणात लावतो आणि आदल्या दिवशी रुग्णाला आठवणीचा संदेशही धाडतो. ज्यांच्यापाशी तो आहे आणि वीज व रेंज आहे, त्यांनी तो जरूर वापरावा. माझी तक्रार निराळी आहे. आरोग्यसेविकेला एकच माहिती एका वहीत, दुसऱ्या वहीत आणि मग दोन-तीन यंत्रणांत भरावी लागते, आणि यांतले बहुतेक लिहिणे वर पाठवण्यासाठी असते. ज्या माणसाविषयी लिहिले, त्याच्या उपयोगाला ते येते कितपत? खोका असो वा मोबाइल, संध्याकाळी पाच वाजता न आलेल्यांची यादी कोण पाहणार आणि निरोप कोण नेणार, ही दोन नावे ठरलेली नसतील तर दोन्ही सारखेच निरुपयोगी.

सुरुवात लहान करावी. सगळी दुखणी एकदम खोक्यात घालू नयेत. आधी क्षयाची, किंवा नुसती रक्तदाबाची कार्डे करावीत, दोन महिने चालवून पाहावे, मग पुढे जावे. कार्डे कापणे, दुभाजकांवर आकडे घालणे, जुन्या वह्यांतून तारखा उतरवणे यासाठी गावच्या शिक्षकांनी दोन रविवार दिले तरी पुरेत. मुलांच्या हाती मात्र हे काम देताना रुग्णाचे दुखणे कार्डावर शब्दांत नसावे, डॉक्टरांनी एखादी खूण ठरवावी. क्षयाच्या नुसत्या बोभाट्याने मुलीचे ठरलेले लग्न मोडते, हे तुम्हांला मी सांगायला नको. तोच नियम निरोपाला. "दवाखान्यात बोलावलंय" एवढेच सांगायचे, कशासाठी ते नाही. शाळकरी पोराच्या हाती चिठ्ठी द्यायची नाही आणि चावडीवर नाव पुकारायचे नाही. खोका टेबलावर उघडा राहू नये. रात्री तो कपाटात कुलुपात असावा, आणि किल्ल्या दोन असाव्यात, एक सिस्टरबाईंकडे आणि एक त्या रजेवर असताना जे काम पाहतील त्यांच्याकडे.